टेबलाखालची पांढरी डबी : नाशिकमधल्या एका ऑफिसचं प्रकरण

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास अकाउंट्समधल्या एका ताईंच्या हातून पेनाचं टोपण खाली पडलं. ते उचलायला त्या वाकल्या, तेव्हा टेबलाच्या फळीला खालून चिकटवलेली एक पांढरी डबी त्यांना दिसली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. तिच्यावर दुधी रंगाचा फुगीर घुमट होता आणि त्याच्या आड लाल दिवा क्षणभर लुकलुकून गेला. घुमटाचं तोंड त्यांच्या गुडघ्यांकडे होतं. ताईंनी पाय वर घेतले, खुर्चीतच मांडी घातली आणि शेजारच्या मैत्रिणीला हाक मारली.

ती डबी मी लावली होती. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे. इमारतींमधले एसी, फायर अलार्म, विजेची मीटर यांची यंत्रणा बसवणं आणि सांभाळणं हा माझा व्यवसाय. आदल्या शनिवारी, दुसरा शनिवार म्हणून ऑफिस बंद असताना, मी आणि माझ्याकडचा एक मुलगा अशा दोघांनी दिवसभरात १३२ टेबलांखाली १३२ डब्या चिकटवल्या. त्या दिवशी इमारतीत आम्ही, सफाईच्या मावशी आणि गेटवरचे काका एवढेच होतो. बंद ऑफिसात काम पटापट उरकतं, म्हणून शनिवार मीच सुचवला होता.

हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवतो आहे, कारण अशा डब्या नाशिकमध्ये आता बऱ्याच ठिकाणी लागू लागल्या आहेत आणि त्या लावणारा माणूस सहसा काही लिहीत नाही. ऑफिसचं नाव देत नाही आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्यावर सगळ्यात जास्त बेतलं, त्यांनी हे आधी वाचलं, दोन वाक्यं बदलायला लावली आणि मगच हो म्हटलं.

मजला सोडायचा की ठेवायचा

ऑफिस मुंबई नाक्याजवळ, भाड्याच्या तीन मजल्यांवर. कारखान्यांना यंत्रभागांची ड्रॉइंग करून देणं हे मुख्य काम, सोबत हिशेब आणि ग्राहकसेवा. करोनानंतर आठवड्यातून दोन दिवस घरून काम करायची मुभा राहिली. भाडं मात्र तिन्ही मजल्यांचं, एसी तिन्ही मजल्यांवर चालू, आणि बुधवारी बघावं तर कितीतरी खुर्च्या रिकाम्या. मालकांना एक मजला सोडायचा होता. पण सोडला आणि एखाद्या मंगळवारी माणसांना बसायला जागाच उरली नाही तर काय, ही भीती होती. आधी गेटवरच्या काकांना फेरी मारून मोजायला सांगितलं होतं. त्यांना गेटही सांभाळायचं असे, त्यामुळे आकडे अर्धवट राहिले.

गरज खरी होती, असं मी आजही म्हणतो. या प्रकरणात कुणाच्या मनात सुरुवातीपासून पाप होतं, असं नाही.

मी तीन प्रकारची साधनं सुचवली. टेबलाखाली उष्णतेची हालचाल ओळखणारे सेन्सर. मीटिंगच्या खोल्यांत छताला रडार. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी चार यंत्रं. बाहेरच्या हवेत तो दशलक्ष भागांत साधारण ४२० असतो. बंद खोलीत माणसं बसली की चढत जातो, आणि तो किती चढला यावरून ताजी हवा किती सोडायची ते ठरवता येतं. या शेवटच्या यंत्रांबद्दल कुणाची तक्रार आली नाही. ती भिंतीवर सगळ्यांसमोर होती आणि आकडा तिच्यावरच दिसत होता.

माझ्या कोटेशनवर एक ओळ होती : ‘अहवाल : टेबलनिहाय, दर दहा मिनिटांनी’. ती माझ्या सगळ्याच कोटेशनवर छापलेली असायची. कुणी मागितलेली नव्हती. यंत्रणेला ते जमतं, म्हणून आम्ही देत होतो. पुढे जे घडलं त्याचं बी त्या ओळीत होतं, आणि ती ओळ माझी होती.

कॅमेरा नाही, पण

सोमवारी जेवणाच्या सुट्टीपर्यंत तिन्ही मजल्यांवर एकच वाक्य फिरत होतं : टेबलाखाली कॅमेरे बसवलेत. प्रत्येकीने वाकून आपलं टेबल पाहिलं, प्रत्येकीला डबी सापडली, फोटो व्हॉट्सॲपवर गेले. एकीच्या नवऱ्याने फोन करून पोलिसांत जातो म्हणून सांगितलं. कुर्ता, साडी, स्कर्ट घालून दिवसभर बसणाऱ्या बाईला टेबलाखाली आपल्याकडे तोंड केलेलं काहीतरी लुकलुकताना दिसलं, तर तिच्या मनात दुसरं काय यावं? दुपारी चार वाजता एचआरचा मेल आला, इंग्रजीत, चार ओळींचा. जागेचा वापर सुधारण्यासाठी स्मार्ट सेन्सर बसवले आहेत, सहकार्य करावे. ‘कॅमेरा नाही’ एवढं एक वाक्य त्यात नव्हतं.

मंगळवारी मला बोलावणं आलं. कॅन्टीनमध्ये मी एक डबी सगळ्यांसमोर स्क्रूड्रायव्हरने उघडली आणि सुटे भाग ट्रेमध्ये मांडले. दुधी घुमट म्हणजे पॉलिथिनची भिंग. आत करंगळीच्या नखाएवढा धातूचा गोल तुकडा. माणसाच्या अंगातून सतत उष्णता बाहेर पडत असते. तिची तरंगलांबी साधारण ९ ते १० मायक्रोमीटर, डोळ्याला न दिसणारी. त्या तुकड्यात दोन पट्ट्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. उष्णता एका पट्टीवरून दुसरीकडे सरकली की बारीकसा विद्युत इशारा उमटतो. चित्र, चेहरा, आवाज यातलं काहीही घेण्याची त्याची ताकदच नाही. दहा मिनिटांत एकदा तरी हालचाल झाली की ‘भरलेलं’, नाहीतर ‘रिकामं’. एवढा एक शब्द तो ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींवरून जिन्यातल्या बेस स्टेशनकडे पाठवतो.

लोकांनी भिंग हातात घेऊन पाहिली. वातावरण निवळलं. मग पहिल्या दिवशी डबी सापडलेल्या त्याच ताईंनी विचारलं, “दादा, फोटो काढत नाही हे पटलं. पण मी जागेवर नाहीये, हे याला कळतं ना?”

“हो ताई.”

“मग ते हा कुणाला सांगतो?”

मी बेस स्टेशन, क्लाऊड, ॲडमिनच्या संगणकावरचा डॅशबोर्ड, म्हणजे सगळे आकडे एकत्र दाखवणारं पान, असा सगळा मार्ग सांगितला.

“तिथे माझं नाव दिसतं?”

“नाव नाही, टेबलाचा नंबर दिसतो.”

“माझ्या टेबलावर माझ्या मुलीचा फोटो आहे, माझी बाटली आहे, माझा गणपती आहे. नंबर कुणाचा हे शोधायला किती वेळ लागेल?”

मी म्हणालो, आकडे फक्त ॲडमिन बघणार आहे आणि फक्त जागेचा हिशेब करणार आहे. मला तसंच सांगितलं गेलं होतं आणि त्या दिवशी ते खरंही होतं. पण हे मी कुणाच्या वतीने आणि कशाच्या भरवशावर सांगतो आहे, याचा विचार मी तेव्हा केला नाही.

सत्तेचाळीस नंबरचं टेबल

सहा आठवडे शांत गेले. डब्यांची सवय झाली. मग ग्राहकसेवेतल्या एका ताईंचा रिव्ह्यू झाला.

त्या सव्वीस आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपवून परतल्या होत्या. बाळ आठ महिन्यांचं, पंचवटीत आजीजवळ. त्या सकाळी सिटीलिंकच्या बसने येत आणि संध्याकाळी परत जात. मधल्या वेळात दूध दाटायचं, म्हणून अकरा वाजता आणि साडेतीन वाजता त्या पर्समधली छोटी पिशवी घेऊन फर्स्ट-एडच्या खोलीत जात, कडी लावत, पंपाने दूध काढून बर्फाच्या पॅकमध्ये ठेवत. हात धुऊन, चेहऱ्यावर पाणी मारून परत यायला पंचवीस-तीस मिनिटं लागत. दोघी मैत्रिणींना माहीत होतं. टीम लीडरला सांगितलं नव्हतं. तो त्यांच्यापेक्षा वयाने लहान मुलगा, आणि हे त्याला सांगावं असं त्यांना वाटलं नव्हतं. तो त्यांचा अधिकार होता.

रिव्ह्यूमध्ये तो म्हणाला, “मॅडम, अकरा ते साडेअकरा आणि साडेतीन ते चार तुमचं टेबल रोज रिकामं दिसतंय. काही अडचण आहे का?”

त्या म्हणाल्या, “नाही सर.”

फॉर्मवर लिहिलं गेलं : जागेवरील उपस्थितीत सुधारणा आवश्यक.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. मातृत्व लाभ अधिनियम, १९६१ च्या कलम ११ ने ठरवून दिलं होतं की बाळंतपणानंतर कामावर परतलेल्या बाईला, बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय दिवसातून दोनदा बाळाला पाजण्यासाठी वेळ मिळाला पाहिजे. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. म्हणजे कायद्याने साठ वर्षांपूर्वी बाईच्या पदरात टाकलेला वेळ आमच्या डबीने ‘रिकामं’ या शब्दात मोजला आणि एका तरुण मुलाने तो शब्द कामचुकारपणा म्हणून वाचला. त्या ताईंना ‘नाही सर’ म्हणावं लागलं, कारण खरं उत्तर द्यायचं तर आपल्या शरीराबद्दल बोलावं लागलं असतं. हे मला त्यांच्या तोंडून कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आकडे टीम लीडरपर्यंत पोचले कसे? मी मागे जाऊन मेल पाहिले. एचआरला तिसरा मजला सोडल्यास कोण कुठे बसेल याचा आराखडा करायचा होता. त्यांनी ॲडमिनकडे आकडे मागितले. ॲडमिनने डॅशबोर्डवरून एक्सेल फाइल काढून पाठवली, टेबलनिहाय, कारण माझ्या यंत्रणेत बटण दाबलं की तेवढीच फाइल निघायची. एचआरकडे बसण्याचा तक्ता होता : टेबल क्रमांक आणि नाव. दोन याद्या शेजारी ठेवून जोडायला दोन मिनिटं पुरतात. जोडलेली फाइल ‘माहितीसाठी’ म्हणून सगळ्या टीम लीडरना गेली. प्रत्येक पायरीवर ज्याने त्याने आपलं रोजचं काम केलं होतं.

याद्या वेगळ्या होत्या तोवर ४७ हा एका फळीचा नंबर होता. जोडल्यावर ती एक आई झाली.

चुकीचं मोजमाप

फाइल बाहेर आल्यावर आणखी एक गोष्ट उघडी पडली. आकडे जागेच्या हिशेबाला पुरेसे बरोबर होते, पण माणसाच्या हिशेबाला साफ चुकीचे.

हा सेन्सर फक्त बदल ओळखतो. ड्रॉइंग करणारा माणूस मोठ्या स्क्रीनकडे टक लावून वीस-वीस मिनिटं पाय न हलवता बसतो. उजवा हात माऊसवर, तोही टेबलाच्या वर. खाली काहीच हलत नाही. सगळ्यात एकाग्र माणसं या यंत्राला सगळ्यात जास्त वेळा गैरहजर दिसली. त्यात नाशिकची थंडी. डिसेंबरात सकाळी एसी नसला तरी फरशी गार असते, म्हणून बऱ्याच जणी मांडीवरून पायांपर्यंत शाल घेऊन बसतात. शालीचा पृष्ठभाग आसपासच्या हवेइतका थंड होतो आणि भिंगेला पाय दिसतच नाहीत. उलट सकाळी साडेसातला सफाईच्या मावशींनी टेबलाखालून पोछा फिरवला की ते टेबल ‘भरलेलं’. मालकांना शंभर-सव्वाशे टेबलांची बेरीज हवी होती, तिथे या चुका एकमेकींत मिसळून जातात. एकट्या माणसाच्या नावापुढे लिहिल्या की त्या त्याच्यावरचा आरोप होतात.

मीटिंगच्या खोल्यांतलं रडार असं चुकत नाही. ते ६० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडतं आणि श्वासाने हलणारी छातीसुद्धा टिपतं. मग टेबलाखाली तेच लावा, असं एका टीम लीडरने सुचवलं. मी नको म्हणालो. एका खुर्चीवरच्या एका माणसाचा श्वास टिपू शकेल असं यंत्र त्याच्या मांडीसमोर लावायला मी तयार नव्हतो.

सहीचा कागद

तक्रार वर गेली तेव्हा एचआरने जे केलं ते बहुतेक ऑफिसं करतात. संमतीपत्र काढलं. एक पान, इंग्रजी, खाली सही आणि तारीख, शुक्रवारपर्यंत परत करा. बहुतेकांनी न वाचता सही केली. ड्रॉइंग विभागातल्या एका ज्येष्ठ काकांनी केली नाही. एचआरच्या मॅडम त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, सही करायला माझी ना नाही. फक्त सही न करणाऱ्याचं काय होणार ते खाली लिहा, मग करतो.”

मॅडमकडे उत्तर नव्हतं. त्या प्रामाणिक बाई आहेत. त्यांनी मला फोन करून विचारलं, “यावर काय लिहायचं असतं?” मग आम्ही दोघांनी बसून कायदा वाचला.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. आधारला आव्हान देणारे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांचं ते प्रकरण. पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपुढे मागायचे असतात. खासगी कंपनीसाठी वेगळा कायदा लागतो, तो डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. ज्या माहितीवरून माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती, अशी त्याची व्याख्या. सत्तेचाळीस नंबर आणि बसण्याचा तक्ता एकत्र आले की ती व्याख्या पूर्ण होते.

कलम ६ म्हणतं, संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त आणि निःसंदिग्ध हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. संमती मागताना द्यायची नोटीस इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. मराठी त्यात आहेच. शुक्रवारचा कागद यातल्या एकाही कसोटीला उतरत नव्हता. महिन्याचा पगार ज्याच्या हातात आहे त्याने पुढे केलेला कागद ‘मुक्त’ कसा म्हणायचा? ग्रीसच्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने २०१९ मध्ये नेमक्या याच मुद्द्यावर तिथल्या पीडब्ल्यूसी बिझनेस सोल्यूशन्स या कंपनीला दीड लाख युरोचा दंड केला होता. कर्मचाऱ्यांची माहिती ‘संमती’च्या आधारावर हाताळतो असं दाखवणं चूक, कारण मालक आणि नोकर यांच्यात बरोबरी नसते.

मॅडमनी कलम ७ वर बोट ठेवलं. नोकरीच्या प्रयोजनासाठी किंवा मालकाचं नुकसान वा दायित्व टाळण्यासाठी माहिती संमतीविनाही वापरता येते, असं ते म्हणतं. “मग सही लागतच नाही की!” कागदावर त्यांचं बरोबर होतं. त्या वाटेने गेलं तर संमती मागताना द्यायची ती कलम ५ ची नोटीससुद्धा बंधनकारक राहत नाही. मला तिथेच धोका दिसला. टेबलाखाली डबी बघून पाय वर घेणाऱ्या बाईला हे कलम काहीच देत नाही. तरी कायदा इथे पूर्ण हात झटकत नाही. कलम ८ प्रमाणे, माणसाबद्दल निर्णय घेण्यासाठी माहिती वापरणार असाल तर ती अचूक आणि पूर्ण असल्याची खात्री करावी लागते, आणि ज्या कामासाठी घेतली ते संपलं की पुसावी लागते. शालीआडचे पाय न दिसणाऱ्या यंत्राचा आकडा रिव्ह्यूच्या फॉर्मवर लिहिणं पहिल्याच अटीत अडकतं.

असं जगात पहिल्यांदा घडत नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’मध्ये पत्रकार सकाळी कामावर आले, तर टेबलांखाली अशाच डब्या. ओरड झाली, पत्रकार संघटनेने आक्षेप घेतला आणि त्याच दिवशी डब्या काढल्या गेल्या. आमच्याकडे ओरड व्हायला संघटना नव्हती. एक काका होते.

सातपूरची आठवण

काका आयटीआय करून, ड्रॉइंग बोर्डावर टी-स्क्वेअर घेऊन काम शिकलेले. आधीची बरीच वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात. कॅन्टीनमध्ये बैठक बोलवा, अशी मागणी त्यांनी केली आणि मालकांनी ती मान्य केली. मीही होतो.

काकांनी सांगितलं, “आमच्या कारखान्यात कामाच्या पद्धतीत काही बदलायचं म्हटलं की आधी बोर्डावर नोटीस लागायची. एकवीस दिवस. मग युनियनची माणसं आत जाऊन बसायची. कधी भांडण व्हायचं, कधी नाही. पण शनिवारी येऊन काही चिकटवून गेले आणि सोमवारी सापडलं, असं कधी झालं नाही.”

ती एकवीस दिवसांची नोटीस म्हणजे औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ चं कलम ९-अ. कामाच्या काही ठरावीक अटी बदलण्याआधी कामगारांना द्यायची. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. टेबलाखालचा सेन्सर त्या यादीत बसतो की नाही यावर वकील वाद घालू शकतील, आणि ऑफिसातले सगळेच कायद्याच्या अर्थाने ‘कामगार’ही नसतील. काकांना कायद्याचा मुद्दा मांडायचाच नव्हता. सातपूर-अंबडच्या पट्ट्यात पन्नास वर्षांत एक रीत तयार झाली आहे : माणसाच्या कामाला हात लावायचा तर आधी त्याला सांगायचं. तिथून जेमतेम पाच-सहा किलोमीटरवरच्या काचेच्या इमारतीत ती रीत पोचलेली नाही, कारण तिथे कुणी स्वतःला कामगार म्हणवत नाही. हे मला बैठकीआधी कधी जाणवलं नव्हतं.

मालकांनी मला एक थेट प्रश्न विचारला. “मजला सोडायचा की नाही हे ठरवायला टेबलनिहाय आकडा लागतो का?”

“नाही,” मी म्हणालो. “एका वेळी जास्तीत जास्त किती टेबलं भरतात, एवढाच आकडा लागतो. आणि तोही आठ-दहा आठवड्यांचा पुरे, महिनाअखेर आणि एखादा सणाचा आठवडा त्यात आला म्हणजे झालं.”

“मग आपण बाकीचं का गोळा करत होतो?”

याचं उत्तर माझ्याकडे एकच होतं आणि मी ते दिलं : कोटेशनवर छापलेलं होतं म्हणून.

काय बदललं

टेबलनिहाय आकडे डॅशबोर्डवरून काढले आणि साठवणंही बंद केलं. आता तासाला विभागाचा एक आकडा. इथे एक अडचण होती जी माझ्याही लगेच लक्षात आली नाही. पहिल्या आराखड्यात मी टीमप्रमाणे विभाग पाडले. म्हणजे टीम लीडरला आपल्या माणसांचं गठ्ठ्याने का होईना, कळणारच होतं. मग विभाग मुद्दाम टीम ओलांडून, खिडकीच्या रांगा आणि खांबांप्रमाणे पाडले. दुसरी अडचण संध्याकाळची. सातनंतर एका विभागात दोनच माणसं उरली तर विभागाचा आकडा म्हणजे त्या दोघांचाच आकडा. म्हणून पाचपेक्षा कमी टेबलं भरलेली असतील तेव्हा आकडाच दाखवायचा नाही, असं ठरलं.

मराठीतली एक पानी सूचना पंचिंग मशीनशेजारी आणि कॅन्टीनमध्ये लागली. उघडलेल्या डबीचा फोटो, ती काय टिपते, काय टिपत नाही, आकडे कोण बघतं, कधी पुसले जातील, आणि डब्या कोणत्या तारखेला निघणार. ही शेवटची ओळ काकांनी घालायला लावली. सूचना अकाउंट्सच्या त्या ताईंनी लिहिली. माझ्या मसुद्यातला ‘उपस्थिती-संवेदक’ त्यांनी खोडून ‘डबी’ केला.

आणि ज्याला नको असेल त्याने आपली डबी स्वतः काढून रिसेप्शनवरच्या ट्रेमध्ये ठेवावी, कारण सांगायची गरज नाही, कुणी विचारायचं नाही, नोंद ठेवायची नाही. एचआरला भीती होती की सगळेच काढतील. पहिल्या दोन दिवसांत ट्रेमध्ये एकोणीस डब्या आल्या. बेरजेला त्याने फरक पडला नाही. राहिलेल्या टेबलांवरून अंदाज नीट बांधता आला. सत्तेचाळीस नंबरची डबी पहिल्या एकोणिसांत होती. काकांनी स्वतःची काढली नाही. सहीचे कागद परत केले गेले आणि त्यांनी आपला कोरा कागद घडी करून खिशात ठेवला.

ठरलेल्या तारखेला मी डब्या काढायला गेलो तो दिवस कामाचा होता. या वेळी मी प्रत्येकाला सांगून, खुर्ची मागे घ्यायला लावून काढल्या. शनिवारी दिवसभरात झालेल्या कामाला या वेळी दीड दिवस लागला. तिसरा मजला त्यांनी सोडला. आकड्यांनी तेवढं काम चोख केलं.

राहिलेलं

रिव्ह्यूच्या फॉर्मवरचं ते वाक्य एचआरने काढलं. टीम लीडरने त्या ताईंची माफी मागितली. तो रडवेला झाला होता, असं त्याच म्हणाल्या. रेटिंग मात्र तेच राहिलं. ते इतर कारणांवर दिलेलं होतं, असं सांगितलं गेलं. ते खरं की खोटं हे मला ठरवता येत नाही, आणि ताईंनाही कधी ठरवता येणार नाही. ज्या माणसाने एकदा तो आकडा पाहिला त्याच्या मनातून तो किती पुसला गेला, हे मोजणारं यंत्र कुणाकडे नाही. ताईंनी दुसरीकडे नोकरी शोधायला घेतली आहे.

जोडलेल्या फाइलच्या किती प्रती झाल्या याचाही पत्ता लागलेला नाही. मेलवर गेलेल्या सगळ्यांनी ती पुसल्याचं लेखी दिलं. कुणी ती पेनड्राइव्हवर घेतली असेल, घरच्या लॅपटॉपवर उघडली असेल, तर ती तिथे आहेच.

माझ्या कोटेशनवरची ‘टेबलनिहाय’ ही ओळ मी काढली. तिच्या जागी आता तीन प्रश्न छापलेले असतात : नेमकं काय ठरवायचं आहे, त्यासाठी कमीत कमी कोणता आकडा लागेल, आणि डब्या कधी काढायच्या. मागच्या आठवड्यात गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसने ती कोटेशन फोनवर वाचून दाखवायला लावली. तिसऱ्या प्रश्नावर समोरचे साहेब थांबले आणि म्हणाले, “काढायच्या? आम्हाला तर कायमच्या हव्यात.” मी विचारलं, बसणाऱ्या माणसांना सांगितलंय का? ते म्हणाले, आधी बसवून घेऊ, मग सांगू. मी शनिवारची तारीख दिली नाही. कामाच्या दिवशी येतो, माणसं जागेवर असताना, असं सांगितलं. त्यांचा फोन अजून आलेला नाही.